हरकत

नोटीस आली पेपरच्या आतल्या पानावर,
निधनवार्ता आणि जप्त वाहनांच्या लिलावाच्या मधल्या पट्टीत.
ज्यांना हरकत असेल त्यांनी ती
सहा प्रतींत, प्रतिज्ञापत्रासह,
एकवीस दिवसांत.

मी गड्डम टेक्स्टाईलचा हिशेबनीस.
बत्तीस मागांचं वीजबिल माझ्या हातून जातं.
स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन,
आणि पॉवर फॅक्टरचा दंड, जो मी सिद्रामशेठना
दर महिन्याला नव्यानं समजावतो
आणि मलाच दर महिन्याला थोडा कमी समजतो.

दर तर दरवर्षीच बदलतो.
यंदा दिवस बदलायला काढला होता.

इतकी वर्षं रात्र स्वस्त होती.
दहाला शटर अर्धं ओढायचं
की अक्कलकोट रोडची आमची शेड पहाटेपर्यंत खडखडायची.
इरय्या कोंडाची तीस वर्षं त्या स्वस्ताईत विणली गेली.
पोरांनी बाप पाहिला तो बहुतेक झोपलेला.
उन्हाळ्यात दुपारची पाळी आम्ही ठेवतच नव्हतो.

आता म्हणे सूर्य जास्त झालाय.
माळामाळावर काचा अंथरल्यात,
दुपारी वीज सांडते,
कुणीतरी खाली ओंजळ धरायला हवी.
म्हणून नऊ ते पाच सवलत,
पाच ते बारा वाढीव,
आणि रात्र आता नुसतीच रात्र.

मी तीनदा बेरीज केली. कागदावर चूक निघेना.

पण एकदा घाईच्या ऑर्डरीला, मे महिन्यात,
ठेवली होती आम्ही दुपारची पाळी.
पत्रा इतका तापला की कबुतरं उतरेनात.
कोरड्या हवेत सूत ताणलं की तुटायचं,
सांधायला इरय्या वाकायचा,
आणि त्याचा घाम टॉवेलवर पडायचा.
माल निर्यातीचा, पांढराशुभ्र.
डाग चालत नाही.

आजोबांच्या वेळी गिरणीचा भोंगा होता.
त्याला शिव्या तरी देता यायच्या,
तो ऐकू यायचा.
आमच्या भिंतीवर नवं मीटर बसलंय, मुकं,
लाल ठिपका मिचकावत
दर पंधरा मिनिटांनी कुणाला तरी काहीतरी कळवतं.

मसुदा कांड्या भरणाऱ्या नरसम्माला वाचून दाखवला.
पगलू म्हणजे दिवस ना, तिनं विचारलं,
तो आता कायद्यानं कधी सुरू होणार?
नऊला, म्हटलं.
मग मी चारला उठून नळाला लागते ते काय असतं?
एक इंग्रजी शब्द जिभेवर आला होता.
गिळला.

सुनावणीचा हॉल गार होता.
फेब्रुवारी असून दोन एसी चालू,
वेळ दुपारची, म्हणजे तेही सवलतीत.
आमचा नंबर सत्तेचाळीस.
आधीच्या वकिलानं पाऊण तास घेतला
आणि बसताना सगळ्यांचे आभार मानले.
सिद्रामशेठनी मला कोपरानं ढकललं.

माझ्या हरकतीत आकडा एकच होता, त्रेचाळीस,
आणि त्याच्यापुढं रुपये नव्हते, अंश होते.
साहेबांनी चष्मा वर केला.
कोणत्या कलमाखाली?

पत्र्याखाली, असं म्हणायचं होतं.
मी कलम बासष्ट म्हणालो.
नोंद घेतली, म्हणाले,
आणि खरोखरच घेतली. आदेशात आमचं नाव आहे,
पान दोनशे अकरा, स्पेलिंग चुकलेलं.

एप्रिलपासून माग नऊला सुरू होतात.
संध्याकाळी इरय्या घरी असतो,
नात त्याला विचारते, आज गेला नाहीस?
हे तो मला हसत सांगतो.
मी ते कुठल्या रकान्यात धरू, अजून ठरवलेलं नाही.

काल दोनला शेडमध्ये गेलो,
म्हटलं, इरय्या, जमतंय का?
मागाच्या आवाजात त्यानं नुसते ओठ हलवले,
काही हरकत नाही,
आणि डोक्याला गुंडाळला बादलीत बुडवलेला टॉवेल,
डागाचा,
परत आलेल्या मालातला.